बरणी अ, बरणी ब

वसमत रोडला आमचं खेळाचं कॉलेज.
मी तिथला प्रयोगशाळा परिचर,
म्हणजे काचा पुसायच्या, वजनकाटा शून्यावर आणायचा
आणि या उन्हाळ्यात
कॅप्सुला भरायच्या.

काळदाते मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं,
वीस पोरं-पोरी, आठ आठवडे,
दहांना चरबी जाळायची पावडर, दहांना काहीच नाही.
पण काहीच नाही हेसुद्धा
कशानं तरी भरावं लागतं.
मक्याचं स्टार्च पुण्याहून यायचं होतं, आलं नाही.
मॅडम म्हणल्या, बघा काहीतरी पांढरं, निरुपद्रवी.
मी घरचं ज्वारीचं पीठ आणलं,
दोनदा वस्त्रगाळ करून.

कोणाला काय, हे मला एकट्याला ठाऊक.
दाढेत बडीशेप अडकावी
तसं ते आठ आठवडे जिभेला लागत राहिलं.

पहिल्या दिवशी चिमटा.
दंडामागं, पोटावर, मांडीवर
कातडी उचलायची, मिलिमीटर मोजायचे.
मॅडम आकडा सांगायच्या, मी वहीत लिहायचो.
आमचे आबा जनावरांच्या बाजारात
बैलाच्या गळ्याची पोळी अशीच दोन बोटांत धरायचे
अन् काही बोलायचे नाहीत.
द्वारकेच्या दंडाला चिमटा धरेचना.
"अगं, जाळायला चरबी आणायची कुठून तुझी?"
सगळे हसले. तीबी.

द्वारका घुगे, गाव गंगाखेडच्या पल्याड,
पाच हजार मीटर.
रविवारी रात्री खानावळ बंद असते
तवा ती पाणी पिऊन झोपते,
हे वहीत नव्हतं. तसा रकानाच नव्हता.
तिच्या नावापुढं ब.

फैजानच्या नावापुढं अ, खरी पावडर.
पहिल्याच पंधरवड्यात पोट बिघडलं,
घामाला मासळीचा वास यायला लागला,
दोस्त बाकड्यावर लांब सरकून बसू लागले.
वेळ सव्वा सेकंदानं सुधारली
अन् पुढच्या आठवड्यात दोनानं बिघडली.

पाचव्या आठवड्यात द्वारका धापा टाकत आली,
"मामा, लई फरक पडायलाय हो.
शेवटच्या फेरीला पाय जड होईनात.
कोणती पावडर हाय सांगा की,
संपल्यावर इकत घेईन."
डब्यावरची किंमत मला माहीत होती,
खानावळीचे दोन महिने.
मी म्हणालो, मॅडमला इचार.
"त्येंला बी माहीत न्हाई म्हनं."

आता एक सांगून टाकतो.
चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी
मी तिला डबा नेऊन देत होतो.
त्याच पिठाच्या चार भाकरी, पिठलं,
कधी शेंगदाण्याची चटणी.
हेबी वहीत नाही.
म्हणून कॅप्सुलातली ज्वारी धावली की डब्यातली,
का दोन्ही नाही, नुसती पोरगी धावली,
हे आता कोणालाच सांगता यायचं नाही,
मलासुद्धा.

आठ आठवडे संपले, पुन्हा चिमटा.
अ गटाची चरबी थोडी उतरली, ब गटाचीही.
तेवढी तर परभणीच्या मे महिन्यात
उभ्या उभ्या उतरते.
मॅडमनी लिहिलं, फरक लक्षणीय नाही.
द्वारकेचे एकोणीस सेकंद सरासरीत बुडाले,
दहा जणांत वाटल्यावर
प्रत्येकी दोनसुद्धा आले नाहीत.

मग त्यांनी माझा लिफाफा फोडला.
"द्वारका ब मध्ये?"
चष्मा काढून मैदानाकडं बघत राहिल्या.
तिथं ती एकटीच पळत होती, उन्हात,
टोपी न घालता.
"सांगायचं का तिला?"
वरती पंखा खडखडत होता,
त्यांना ऐकू गेलं नसेल.

संध्याकाळी दोन्ही बरण्यांतलं उरलेलं
मी एकाच डब्यात ओतलं, खळखळ हलवलं.
एक कॅप्सूल उचलली, नळाच्या पाण्यासोबत गिळली
अन् सायकल काढली.
घरापर्यंत सहा किलोमीटर,
वारा समोरून.